खांद्याचे दुखणे आणि वीस टक्क्यांची रेघ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



अंबड म्हटले की जालना जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आठवणारे श्रोते असतील. मी बोलतो आहे ते नाशिकचे अंबड, सिडकोला लागून असलेली औद्योगिक वसाहत. इथल्या कारखान्यांच्या फाटकांवर उभ्या असलेल्या रक्षकांमध्ये माजी सैनिक बरेच आहेत. त्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. तोफखान्याचे केंद्र नाशिकरोडला आणि तोफखान्याची शाळा देवळालीला. भरतीनंतरचे पहिले दिवस इथे काढलेला जवान निवृत्त झाल्यावर पुष्कळदा इथेच घर करतो. फौजेतला शिपाई पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. मुले शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात, आणि नुसत्या पेन्शनवर भागत नाही. मग फाटकावरची बारा तासांची पाळी येते.

यातल्या काही जणांचा एक हात पुरता वर जात नाही. तो खांद्यापर्यंत जातो, तिथून पुढे अडतो. सलाम ठोकताना ते कोपर थोडे खाली ठेवतात. पाहणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. पाय गेलेला जवान पाहिला की समाजाला आणि सरकारी कार्यालयालाही अपंगत्व समजते. खांद्याचे तसे नाही. शर्ट घातला की खांदा झाकला जातो आणि माणूस धडधाकट दिसतो. म्हणूनच अपंगत्वाच्या पेन्शनचे जे दावे फेटाळले जातात, त्यांत खांद्याच्या दुखण्याची गोष्ट जरा वेगळी समजून घ्यावी लागते. माजी सैनिकांचे अर्ज लिहून देण्याच्या निमित्ताने अशी कागदपत्रे माझ्या पाहण्यात येतात. त्यांच्या आधारेच आज बोलणार आहे.

आधी खांद्याविषयी. शरीरातल्या सांध्यांत खांद्याइतका मोकळा फिरणारा दुसरा सांधा नाही, आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागते. कंबरेचा सांधा उखळीत मुसळ बसावे तसा खोल बसलेला असतो. खांद्याचा गोळा मात्र बशीवर लिंबू ठेवावे तसा उथळ वाटीवर टेकलेला असतो. त्याला जागेवर धरून ठेवतात ते स्नायू आणि अस्थिबंध. ते एकदा फाटले की खांदा निखळतो, आणि तरुण वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा पुन्हा निखळण्याची शक्यता फार असते. पुढे पुढे तर झोपेत कूस बदलतानाही तो सुटतो. दुसरा प्रकार म्हणजे खांद्याभोवतीच्या स्नायूंच्या पट्ट्या झिजून फाटणे. तिसरा, खांदा आखडणे, ज्याला डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणतात. हा मधुमेहाच्या रुग्णांत जास्त आढळतो. ही गोष्ट पुढे दाव्यात आडवी येते, म्हणून ती लक्षात ठेवावी.

फौजेत खांद्यावर काय काय पडते? दोरावर चढणे, भिंतीवरून उडी, पाठीवरचा पिठ्ठू, रायफलचा धक्का. तोफखान्यात त्यावर आणखी भर पडते. बोफोर्सच्या १५५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा सुमारे ४३ किलोंचा. सिमेंटचे पोते ५० किलोंचे असते, म्हणजे जवळजवळ तेवढेच ओझे उचलायचे, धरायचे आणि पुढच्याच्या हाती द्यायचे, तेही घाईत, थंडीत, चढावर. १९९९ च्या कारगिल युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि अग्निबाण डागले, असे सांगितले जाते. हा आकडा आपण अभिमानाने ऐकतो. पण त्यातला प्रत्येक गोळा कोणाच्या तरी हातांतून गेलेला आहे, हे सहसा मनात येत नाही.

आता नियम काय म्हणतात ते पाहू. जवान निवृत्त होताना वैद्यकीय मंडळ त्याची तपासणी करते. याला रिलीज मेडिकल बोर्ड म्हणतात. बोर्डापुढे दोन प्रश्न असतात. हे दुखणे लष्करी सेवेमुळे झाले काय, किंवा सेवेमुळे वाढले काय? आणि अपंगत्व किती टक्के? दुखण्याचा सेवेशी संबंध मान्य झाला आणि टक्केवारी वीस किंवा त्याहून अधिक ठरली, तरच पेन्शनमध्ये अपंगत्वाचा भाग जमा होतो. १९६१ च्या पेन्शन नियमावलीपासून ही वीस टक्क्यांची रेघ आहे. खांद्याचे पुष्कळ दावे या रेघेच्या अगदी अलीकडे येऊन थांबतात. कागदावर 'अकरा ते चौदा' किंवा 'पंधरा ते एकोणीस' असे लिहिलेले असते. एक टक्का कमी पडला की त्या भागाचे काहीच मिळत नाही.

पहिल्या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर बोर्ड ज्या चार अक्षरांत लिहिते ती इंग्रजी अक्षरे एकत्र वाचली की 'नाना' असा शब्द होतो. सेवेमुळे झाले नाही आणि सेवेमुळे वाढलेही नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे नाना म्हणजे घरातले वडीलधारे माणूस, अडल्यानडल्याला हात देणारे. हा नाना मात्र हात काढून घेतो. त्याच्या जोडीला एक ठरावीक वाक्य असते: दुखणे शांतता क्षेत्रात सुरू झाले. म्हणजे जवान सीमेवर नव्हता, नाशिकला किंवा पुण्याला होता, तेव्हा खांदा दुखू लागला, सबब सेवेशी संबंध नाही. हा तर्क मला कधीच पटलेला नाही. दहा वर्षे उंचावर ओझी वाहिलेला खांदा अकराव्या वर्षी सपाटीवर आल्यावर दुखू लागला, तर दोष सपाटीचा कसा? दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये मधुमेहाच्या एका प्रकरणात, केवळ शांतता क्षेत्रात आजार सुरू झाला एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही, कारणे द्यावी लागतात, असे म्हटले आहे.

कारणे द्यावी लागतात, हे मुळात सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. सिग्नल्समधल्या या जवानाला नऊ वर्षांच्या आत झटके येण्याच्या आजारामुळे वीस टक्के अपंगत्व ठरवून घरी पाठवले होते आणि पेन्शन नाकारली होती. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: भरतीच्या वेळी तुम्हीच त्याला तपासून निरोगी म्हणून घेतले. तेव्हाच्या कागदावर आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत असताना झाला असे धरले पाहिजे. तसे नाही म्हणायचे असेल, तर सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, जवानाची नव्हे. आणि बोर्डाने नुसते 'संबंध नाही' लिहून भागणार नाही. २०१४ च्या सुखविंदर सिंग प्रकरणात आणखी एक पाऊल पुढे पडले. ज्याला अपंगत्वामुळेच सेवेतून काढले, त्याचे अपंगत्व वीस टक्क्यांहून अधिक धरावे, असे न्यायालयाने सांगितले. हा आधार मुदत पुरी करून निवृत्त झालेल्याला सरसकट मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

इथे एक सावधगिरीची सूचना. माजी सैनिकांच्या मेळाव्यांत 'धरमवीरचा निकाल आहे ना' असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. पण जवळजवळ त्याच नावाचा, धरमबीर सिंग यांचा, सप्टेंबर २०१९ चा दुसरा निकालही सर्वोच्च न्यायालयाचाच आहे आणि तो जवानाच्या विरुद्ध गेला. त्यात जवान रजेवर असताना स्कूटरचा अपघात झाला होता. अपघाताचा लष्करी सेवेशी काही धागा जुळायला हवा, निव्वळ रजेवर होता म्हणजे कर्तव्यावर होता असे होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. गावी सुट्टीवर असताना मोटारसायकलवरून पडून खांदा निखळल्याची प्रकरणे आपल्या भागात कमी नाहीत. त्यांना हा दुसरा निकाल आडवा येतो. मात्र रजेवर घरी जाण्याचा प्रवास वेगळा. मदनसिंग शेखावत यांच्या १९९९ च्या प्रकरणात, घरी जाताना रेल्वेतून उतरताना पडून हात गमावलेल्या जवानाला सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन दिली. तिकीट त्याने पदरचे काढले होते, एवढ्या कारणावरून ती आधी नाकारली होती! तेव्हा अपघात कुठे, कोणत्या तारखेला आणि कशासाठी जाताना झाला, हे अर्जात नेमके लिहिले पाहिजे.

आणि इथेच बहुतेक दावे अडतात. इजा झाल्याच्या दिवसाचा कागद नसतो. नियमाप्रमाणे इजा झाली की युनिटमध्ये इजेचा अहवाल भरला जातो. डॉक्टर आपला भाग लिहितात, कमांडिंग ऑफिसर ती सेवेशी संबंधित आहे की नाही यावर मत देतात, गंभीर असेल तर चौकशीही होते. युनिटच्या कबड्डी किंवा बास्केटबॉलच्या सामन्यात झालेली इजाही सेवेतलीच, कारण फौजेत आयोजित केलेला खेळ हे कर्तव्यच मानले जाते. पण पंचविशीतला जवान करतो काय? खांदा सुटला, सोबत्याने ओढून बसवला, तेल चोळले, दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर. दवाखान्यात गेले तर श्रेणी खाली येईल, बढती अडेल, कोर्सला नाव जाणार नाही, ही भीती असते. फौजेत तब्येतीचे वर्गीकरण 'शेप' या पाच अक्षरांत होते आणि त्यातले 'ए' हे अक्षर हातापायांचे. ते अक्षर बिघडू नये म्हणून लपवलेला खांदा पंधरा वर्षांनी बोर्डापुढे येतो. तेव्हा बोर्ड म्हणते, याची आधी नोंदच नाही. दोन्ही बाजूंनी हे समजण्यासारखे आहे, पण नुकसान एकाच बाजूचे होते.

ज्यांची मुले किंवा भाऊ आज नोकरीत आहेत त्यांना म्हणूनच सांगावेसे वाटते, की सुटीवर आलेल्या मुलाला खांद्याचे विचारा आणि दवाखान्यात नोंद करायला लावा.

कागद मिळवायचा कसा? निवृत्त जवानाने आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे रिलीज मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची, भरतीच्या वैद्यकीय तपासणीची आणि इजेच्या अहवालाची प्रत मागावी. तोफखान्याचे रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोडलाच आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. साध्या पत्राला उत्तर आले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. त्यात तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हे काम लांबणीवर टाकू नये. जुनी कागदपत्रे ठरावीक वर्षांनंतर नष्ट केली जातात आणि मग 'अभिलेख उपलब्ध नाही' एवढेच उत्तर हाती येते.

प्रत आल्यावर काय पाहायचे? भरतीच्या तपासणीत खांद्याविषयी काही लिहिले आहे का? नसेल, तर ती कोरी जागाच जवानाचा मोठा पुरावा. बोर्डाने 'नाना' लिहिले असेल, तर त्यापुढे कारण काय दिले आहे? हात किती अंशांपर्यंत वर जातो ते मोजले आहे का, की नुसतेच 'हालचाल मर्यादित' असे लिहून टक्के टाकले आहेत? मधुमेह असेल, तर बोर्डाने आखडलेल्या खांद्याचे खापर त्याच्यावर फोडले आहे का, आणि तसे असेल तर मधुमेहाचे निदान आधीचे की खांद्याचे? तारखा लावून पाहिल्या की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

नकाराचे पत्र आल्यावर पहिले अपील आणि तेही फेटाळले तर दुसरे, अशी व्यवस्था आहे. मुदत पत्रातच दिलेली असते, सहसा सहा महिने. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचा कायदा २००७ चा, प्रत्यक्ष काम सुरू झाले ऑगस्ट २००९ मध्ये, आणि आपल्यासाठीचे खंडपीठ मुंबईला आहे. अंबडच्या माणसाला मुंबई म्हणजे एक दिवसाची पाळी बुडणे, हे खरे. तरी त्याआधीच्या काळापेक्षा बरे. तेव्हा जवानाला उच्च न्यायालयातच जावे लागे आणि तिथे वर्षानुवर्षे नंबर लागत नसे. न्यायाधिकरणाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

उशीर झाला तर दावा संपतोच असे नाही, पण तो महाग पडतो. तरसेम सिंग यांना १९८३ मध्ये वैद्यकीय कारणाने सेवेतून मुक्त केले गेले. ते न्यायालयात गेले १९९९ मध्ये. पेन्शनचा हक्क मान्य झाला, पण २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली. पुढे अनेक प्रकरणांत हाच हिशेब लावला गेला.

पैशांचे गणित करून पाहू. शंभर टक्के अपंगत्वाला अपंगत्वाचा भाग शेवटच्या पगाराच्या तीस टक्के असतो. समजा, एका हवालदाराचा हिशेबात धरण्याजोगा शेवटचा पगार चाळीस हजार रुपये होता. शंभर टक्क्यांना बारा हजार, म्हणजे वीस टक्क्यांना दोन हजार चारशे. यात 'राउंडिंग ऑफ' नावाची एक तरतूद आहे. पन्नासपेक्षा कमी अपंगत्व पन्नास धरायचे, पन्नास ते पंचाहत्तरला पंचाहत्तर, आणि त्यापुढे शंभर. त्याने आपल्या हवालदाराचे दोन हजार चारशेचे सहा हजार होतात, महागाई भत्ता वेगळा. ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने ही सवलत आली ती फक्त अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्यांना. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांना ती नाकारली जात होती. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने त्यांनाही ती मिळाली. ज्यांना वीस किंवा तीस टक्के अपंगत्व आधीच मान्य आहे, पण पन्नासचा हिशेब कधी लागलाच नाही, असे काही लोक आजही भेटतात. त्यांनी आपला पीपीओ एकदा बारकाईने वाचावा.

हा हिशेब जुन्या नियमांचा. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे हक्क-नियम लागू झाले आहेत. त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांच्या बाबतीत 'इम्पेअरमेंट रिलीफ' असा नवा शब्दही आला आहे. तेव्हा दुसऱ्याच्या अर्जाची नक्कल करण्यापूर्वी निवृत्तीची तारीख पाहावी. अग्निवीरांचे नियम तर पूर्णच निराळे आहेत, त्यांच्यासाठी वेगळे भाषण लागेल.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या खांद्याचे मोजमाप कसे करतात, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. तिथल्या तक्त्यात हात किती वर जातो यावर टक्के ठरतात आणि तो हात उजवा की डावा, म्हणजे कामाचा की दुसरा, हेही पाहतात. हात खांद्याच्या पातळीवर अडला तर वीस टक्के. शरीरापासून पंचवीस अंशांवरच अडला, तर कामाच्या हाताला चाळीस आणि दुसऱ्याला तीस. तक्ता कोणालाही वाचता येतो. आपल्याकडेही डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका आहे, पण जवानाच्या हाती पडतो तो फक्त शेवटचा आकडा.

सरकारची बाजूही आहे. अपंगत्वाच्या पेन्शनचा गैरफायदा घेतला जातो, अशी तक्रार फौजेतूनच होते. कॅगच्या २०२३ च्या अहवालातही या पेन्शनच्या वाढत्या प्रमाणाची, विशेषतः रक्तदाब-मधुमेहासारख्या आजारांची, दखल आहे. अधिकाऱ्यांमध्ये हे प्रमाण जवानांच्या दुपटीहून अधिक दिसले. गैरफायदा होत असेल तर तो थांबलाच पाहिजे. पण त्या संशयाची झळ तोफेवर गोळे वाहिलेल्या गनरच्या खांद्याला का लागावी? मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली होती, ती माजी सैनिकांविरुद्धची सरकारी अपिले आणि खटलेबाजी कमी व्हावी म्हणूनच. दावे आजही चालू आहेत.

आता पुन्हा अंबडच्या फाटकाकडे वळू. रक्षकाची नोकरी धरताना माणूस खांद्याचे दुखणे सांगत नाही. तंदुरुस्तीचा दाखला लागतो आणि तो मिळवलाही जातो. मग त्याच माणसाला भीती वाटते, की अपंगत्वाचा अर्ज केला तर ही नोकरी जाईल, किंवा नोकरी करतो म्हणून अर्ज बाद होईल. यातली दुसरी भीती निराधार आहे. खासगी नोकरी करतो म्हणून अपंगत्वाची पेन्शन थांबत नाही. ती सेवेत झालेल्या हानीसाठी आहे, बेकारीसाठी नाही. पहिली भीती मात्र खरी आहे आणि ती कायद्याने जात नाही. फाटकावर उभे राहायला, नोंदवही लिहायला, गाडी तपासायला दोन्ही हात डोक्यावर जावे लागत नाहीत, एवढे कारखानदारांनी समजून घेतले तरी पुष्कळ होईल. रक्षकाने मात्र जड पेट्या उचलण्याचे काम गुपचूप अंगावर घेऊ नये. तिथे खांदा पुन्हा निखळला, तर आधीची इजा कोणती आणि नंतरची कोणती हे सांगणे डॉक्टरलाही कठीण जाईल.

अर्ज करायचा ठरल्यास आधी हाडांच्या डॉक्टरकडून खांद्याची लेखी तपासणी करून घ्यावी. हात पुढून किती अंश वर जातो, बाजूने किती, पाठीमागे किती वळतो, कोणता हात कामाचा, आणि खांदा आजवर किती वेळा निखळला, हे सारे त्यात असावे. आरोग्य योजनेचे कार्ड असेल तर देवळालीच्या पॉलिक्लिनिकपासून सुरुवात करता येते. डिस्चार्ज बुक, पीपीओ, बोर्डाची प्रत आणि नकाराचे पत्र घेऊन नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांसाठी मोफत कायदेविषयक मदतीची योजना सुरू केली आहे. तिचीही चौकशी तिथेच करावी. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत. छायाप्रती द्याव्यात, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.